विशेषणाला औषध नसतं

आमचे डॉक्टर रुग्णाला ‘कसं वाटतंय?’ असं कधीच विचारत नसत. ते विचारत, “आज सकाळपासून काय काय केलंत?”

समोरचा माणूस म्हणे, “बरं हाय, डाक्तर.”

मग डॉक्टर हातातलं पेन खाली ठेवत. “बरं म्हणजे काय केलंत?”

माणूस गोंधळून सांगायला लागे. उठलो, विहिरीवर गेलो, दोन हंडे भरले, तिसऱ्याला बसकण मारली. डॉक्टर पेन उचलत आणि केसपेपरवर लिहीत : ‘दोन हंडे. तिसऱ्याला बसला.’ वर वेळ टाकत आणि मगच नाडी बघत.

मी नर्स म्हणून त्यांच्या दवाखान्यात आले तेव्हा तेवीस वर्षांची होते, साताऱ्याकडची. पनवेलच्या पुढे कधी आले नव्हते. तुर्भ्याच्या बाजूला दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना, पुढे तीन पायऱ्यांचा ओटा, समोर मिठाचे ढीग आणि मागे भातखाचरं. ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा नुकतीच कारखान्यांची कुंपणं पडायला लागली होती. आज मी नेरूळला राहते. नातवंडांना सांगते की इथे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, तर ती मान हलवतात आणि विषय बदलतात.

पहिल्याच दिवशी मी एका म्हाताऱ्याच्या कागदावर लिहिलं, ‘रुग्ण अशक्त.’ नर्सिंगच्या शाळेत असंच शिकवलं होतं. डॉक्टरांनी तो कागद घेऊन मला आत बोलावलं. उंच, पोक काढून चालणारा, पन्नाशीचा माणूस. आवाज अगदी हळू.

“बाई, अशक्त हे काय आहे?”

मला प्रश्न कळेना.

“व्याकरणात, व्याकरणात काय आहे?”

“विशेषण,” मी म्हणाले.

“विशेषणाला औषध नसतं. मला क्रियापद आणून द्या.”

मी बाहेर जाऊन म्हाताऱ्याला विचारलं आणि लिहून आणलं : ‘ओट्याच्या तीन पायऱ्या चढला, दुसऱ्या पायरीवर थांबून खांब धरला.’ डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. “आता हा माणूस मला दिसला,” ते म्हणाले. त्या दिवसापासून ‘ठीक’, ‘बरा’, ‘सुधारणा’, ‘अशक्त’ हे चार शब्द माझ्या हातून कागदावर पुन्हा उतरले नाहीत.

डॉक्टरांकडे मोठी पदवी नव्हती. जुन्या लायसन्सवाल्या डॉक्टरांतले ते शेवटचे. एमबीबीएस झालेली तरुण मुलं बदलीवर यायची तेव्हा त्यांच्याशी जरा मोठ्या आवाजात बोलायची, जणू त्यांना कमी ऐकू येतं. डॉक्टर त्याची फिकीर करत नसत. त्यांना एकाच गोष्टीचं वेड होतं : मज्जातंतूंचे आजार. कंपवात, अर्धांगवायू, फेफरं, हातापायांतली ताकद जाणं. ताप आणि खोकला ते मन लावून बघत; पण कुणी हात थरथरत आत आला की त्यांच्या चेहऱ्यावर आवडता पाहुणा आल्यासारखे भाव येत.

या वेडाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या वडिलांना कंपवात होता. शहरातल्या डॉक्टरने विचारलं, केव्हापासून आहे, कसा वाढला? आई म्हणाली, हळूहळू. भाऊ म्हणाला, हळूहळू. “आमच्या घरात आठ माणसं होती, बाई, आणि आठांपैकी एकालाही आठवेना की वडिलांनी स्वतःच्या हाताने जेवण केव्हा सोडलं. हळूहळू म्हणजे कुणीच बघितलं नाही.”

म्हणून ते बघत. दवाखान्यात खुंटीला एक काळा कोट टांगलेला असे. नवीन माणसाला वाटे तो डॉक्टरांचा आहे. तो रुग्णांचा होता. पुरुषाने तो अंगात घालून पाच बटणं लावायची. बायकांसाठी मी तो टेबलावर पसरत असे. तेवढ्या वेळात डॉक्टर घड्याळं बघत. घड्याळं म्हणते कारण दोन होती, एक मनगटावर, एक खिशात. दोन्हींत सात-आठ मिनिटांचा फरक असे. बरोबर कुठलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून ते मधली वेळ लिहीत.

आजार किती वाढला हे सांगायला त्यांनी स्वतःच्या सहा पायऱ्या केल्या होत्या. पहिलीवरचा माणूस आपलं सगळं आपण करतो पण वेळ लागतो. तिसरीवर जेवायला किंवा कपडे करायला दुसऱ्याचा हात लागतो. सहावीवर तहान लागली हेही घरच्यांना ओळखावं लागतं. आणि खरं काम पुढेच होतं. जुने केसपेपर काढून, तेव्हा हा माणूस कुठल्या पायरीवर होता, ते ते ठरवत. दुपारी दवाखाना बंद असे. लोक वर्तमानपत्र वाचतात तसे ते डबा खाता खाता पाच-सात वर्षांपूर्वीचे कागद वाचत. मधेच हसत. मधेच म्हणत, “अरे रे, इथे थांबायला हवं होतं.”

या कामाचा त्यांचा एक कडक नियम होता. जुन्या कागदाला पायरी लावताना तो कुणाचा, कधीचा हे माहीत असता कामा नये. “आज माणूस अंथरुणाला खिळलेला दिसला की त्याचं कालचं चालणंही लंगडं वाटायला लागतं,” ते म्हणत. म्हणून मी जाड पुठ्ठ्याची पट्टी टाचणीने लावून कागदाचा वरचा भाग झाकत असे. आधी ते पायरी लिहीत, मग तोच कागद मी वाचून वेगळ्या चिठ्ठीवर माझी पायरी लिहीत असे. जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर भांडण.

हो, भांडणच. एका मिठागरातल्या माणसाच्या कागदाला त्यांनी दोन दिले, मी तीन. कागदावर होतं : ‘पेज स्वतः प्याला, अर्धी सांडली.’ डॉक्टर म्हणाले, स्वतः प्याला ना. मी म्हणाले, अर्धीच पोटात गेली. घरी असता तर कुणी तरी भांडं धरलं असतं, इथे लाज वाटली म्हणून नाही धरू दिलं. दुपारभर आम्ही त्या अर्ध्या पेजेवर बोलत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद माझ्या टेबलावर होता. दोनाचा आकडा खोडलेला, तीन लिहिलेला आणि समासात निळ्या पेन्सिलीने दोन शब्द : ‘बाई बरोबर.’

त्या काळात नर्सने डॉक्टरसमोर खुर्चीवर बसणंही कुणाला आवडत नसे. पुढे मला बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली. काही कपाटात आहेत, काही हरवली. पण ‘बाई बरोबर’ एवढं मला कुणी दिलं नाही.

हे जुने कागद मोठ्या ट्रंकांमध्ये असत. खारी हवा, कागद सर्दाळायचे. डॉक्टर पावसाळ्यानंतर ते ओट्यावर वाळत घालत, तेव्हा गावातली माणसं वळसा घालून जात. एकदा तपासणीला एक साहेब आले. दुधाच्या पावडरीची खोकी ठेवायला जागा नाही, तेव्हा ही रद्दी काढून टाका, असं ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, “काढतो.” संध्याकाळी बैलगाडी बोलावून सातही ट्रंका त्यांनी स्वतःच्या घरी नेल्या. दोन खोल्यांचं घर ते. त्यांच्या पत्नीला मी भीत भीत विचारलं, तुम्हाला अडचण होत असेल ना? त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “माझ्या माहेरून दोन ट्रंका आल्या होत्या, यांच्या दवाखान्यातून सात आल्या. आता काय, यांचं सासर मोठं.”

चांगुणाची हकिगत या ट्रंकांमुळे घडली.

चांगुणा दवाखान्याच्या शेजारच्याच गावातली आगरी घरातली सून. वय सव्वीस-सत्तावीस, पाच वर्षांची एक मुलगी. एक दिवस तिची सासू तिला घेऊन आली. सासू उभ्या अंगाची, तोंडाने फटकळ. आल्या आल्या तिने एक घडी घातलेला कागद टेबलावर टाकला.

“मुंबैच्या मोठ्या हास्पिटलान न्हेली व्हती. त्यांनी बगितली, सगला बरा हाय म्हनतान. रोग मनाचा हाय.”

कागदावर खरंच तसं लिहिलं होतं. हातापायांत ताकद व्यवस्थित, डोळे व्यवस्थित, आजार मानसिक.

“सकालचे येलेला भाताचा भारा डोक्यावर घेते,” सासू म्हणाली, “न सांजचे येलेला भाकर थापाला हात वर व्हत नाय. बोलते ती पन नाकानशी. नाटक नाय तं काय? आता माझा पोरगा हिला माहेरी धारतंय. दुसरी करनार हाय. पोर आमचे घरान ऱ्हाईल.”

चांगुणा बाकावर बसली होती. ती एवढंच म्हणाली, “मी नाटक नाय करत.” ते तिने माझ्याकडे बघून म्हटलं, डॉक्टरांकडे नाही. बहुतेक ती डॉक्टर माणसांना कंटाळली होती.

डॉक्टरांनी सासूला विचारलं, “पाठवणार कधी?”

“येत्या आयतवारी.”

“मला तेवढे दिवस द्या. रविवारी काय ते सांगतो.”

सासूने मान हलवली. तिलाही कुणी तरी ठामपणे काही सांगायला हवंच होतं, असं मला वाटलं.

त्याच दुपारी आम्ही डॉक्टरांच्या घरी ट्रंका उघडल्या. चांगुणा अधूनमधून दवाखान्यात येऊन गेलेली; चार वर्षांतले तिचे अकरा कागद निघाले. काही डॉक्टरांच्या हातचे, काही बदली डॉक्टरांचे, काही माझ्या आधीच्या नर्सचे. पण डॉक्टरांनी सगळ्यांना शिस्त लावलेली, त्यामुळे क्रियापदं होती. ‘पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बोटाने उचलते.’ ‘पाच बटणं लावली, थांबली नाही.’ ‘पाणी प्याली, नाकातून आले.’ ‘एकाचे दोन दिवे दिसतात म्हणते.’ मी वरचे भाग झाकले, कागद पिसले आणि आम्ही वेगवेगळे बसून पायऱ्या लावल्या.

दोघांचे आकडे जवळजवळ सगळे जुळले. मग मी पट्ट्या काढून कागद तारखेने लावले आणि डॉक्टरांचा चेहरा पडला. एक, चार, एक, एक, तीन, चार, एक, आणि पुढेही तसंच. असा कुठला आजार नसतो. कंपवात चढतो तो उतरत नाही. अर्धांगवायू एकदम चढतो आणि सावकाश उतरतो. हे तर पोर जिन्यावर खेळल्यासारखं होतं.

“म्हणजे ती तरी खोटं बोलतेय,” डॉक्टर म्हणाले, “नाही तर आपण.”

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. गुरुवारी दुपारी डबाही त्यांनी उघडला नाही. मला रविवार दिसत होता आणि त्या बाकावरची चांगुणा दिसत होती. आपण नाटक करत नाही हे एखाद्या बाईने सिद्ध करायचं तरी कसं?

शुक्रवारी मी ते कागद पुन्हा ट्रंकेत ठेवायला घेतले. एकेक हातात घेताना माझं लक्ष तारखेच्या बाजूच्या वेळेकडे गेलं. आमचा दवाखाना दोन वेळा उघडा असे, सकाळी आणि संध्याकाळी. चारची पायरी असलेला कागद हातात होता : सायंकाळी सव्वापाच. दुसरा चारचा : पावणेसहा. तीनचा : पाच. मी एकचे कागद काढले. सकाळी साडेआठ. सकाळी नऊ. आठ चाळीस. मी अकराही कागद जमिनीवर तारखेऐवजी घड्याळाप्रमाणे मांडले, आणि आकडे सरळ एका रांगेत चढत गेले.

मी डॉक्टरांना हाक मारली. ते आले, वाकून बघितलं, गुडघ्यावर बसले. एकेका कागदावरच्या वेळेवर बोट ठेवत गेले.

“वेळ मीच लिहायला लावली,” ते शेवटी म्हणाले, “आणि तारखेबरोबर मीच झाकायला लावली.” मग त्यांनी निळी पेन्सिल घेऊन नियमांच्या वहीत लिहिलं : ‘तारीख झाकावी. वेळ झाकू नये.’ खाली माझी सही घ्यायला लावली.

ते मला समजावून सांगू लागले. एक दुर्मीळ आजार असतो, त्यात मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचतो, पण वापरता वापरता स्नायू दमतो. विसावा मिळाला की पुन्हा ताकद येते. सकाळी माणूस धडधाकट आणि दिवस कलला की पापणीसुद्धा उचलत नाही. त्यांनी तो फक्त पुस्तकात वाचला होता. शहरातल्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो. चांगुणा आदल्या दिवशी नातेवाइकांकडे उतरून, झोप काढून, ताजी होऊन तिथे गेली होती. तिला बघणाऱ्यांनी जे बघितलं ते खरंच होतं.

शनिवारी डॉक्टरांनी चांगुणाला आणि सासूला सकाळी आठलाच बोलावलं आणि दिवसभर बसवून घेतलं. सकाळी पाच बटणं तिने चटकन लावली. सासू म्हणाली, “बगा, मी काय बोलते.” डॉक्टर म्हणाले, “आजी, तुम्ही बघत राहा. आज तुम्हीच माझे साक्षीदार.” दुपारी तिसऱ्या बटणानंतर हात खाली आला. चार वाजता डॉक्टरांनी तिला आढ्याकडे बघत राहायला सांगितलं. पापण्या हळूहळू उतरल्या, दुकानाचं फळकूट उतरावं तशा. मग पन्नासपर्यंत मोजायला सांगितलं. विसापर्यंत आवाज नीट होता, तिसाला नाकात गेला, चाळिसाच्या पुढे शब्द ओळखू येईनात. चांगुणाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं पण ती मोजत राहिली.

सासू उठली. तिने सुनेच्या तोंडावर हात ठेवला. “पुरे,” ती म्हणाली. “हिला आता नका बोलवू.” आणि माझ्याकडे वळून, एकदम वेगळ्याच आवाजात, “अशी ती रोज सांजचे माझे समोर बसाची. मी हिला चुलीसमोर बसवाची.”

रविवारी कुणी कुठे गेलं नाही. सोमवारी आम्ही चौघं एसटीने ठाण्याला आणि तिथून मुंबईला गेलो. डॉक्टरांच्या काखेत मोठी गुंडाळी होती. दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीच्या पाठीवर आम्ही अकरा कागदांचा तक्ता काढला होता, खाली घड्याळाचे तास, बाजूला पायऱ्या.

डॉक्टरांनी मुद्दाम दुपारी तीनला त्याच रुग्णालयात शिरायचं ठरवलं होतं, आणि त्यातही चांगुणाला तीन मजले जिन्याने चढवून. दारावरच्या माणसाने सांगितलं की तपासणी सकाळीच होते, उद्या या. डॉक्टर म्हणाले, “उद्या सकाळी हिला काहीच नसेल.” तो माणूस हसला. डॉक्टर दारासमोर उभे राहिले. ते वाद घालत नसत, नुसते उभे राहत. शेवटी मज्जातंतूंचे मोठे डॉक्टर घरी जायला बाहेर आले, हातात बॅग.

“काय आहे?”

आमच्या डॉक्टरांनी तक्ता भिंतीला लावून धरला. मी दुसरं टोक धरलं.

मोठे डॉक्टर आधी उभ्या उभ्या बघत होते, मग त्यांनी बॅग खाली ठेवली. “ही तपासणी तुम्ही कधी केलीत?”

“चार वर्षांत. केसपेपरवरून.”

“जुन्या केसपेपरवरून एवढं कळतं?”

“लिहिलेलं असलं तर.”

“हे काढलं कुणी?”

“आमच्या सिस्टरनी,” डॉक्टर म्हणाले. “मी फक्त झाकलं होतं.”

त्यांनी चांगुणाला आत नेलं. दंडात एक इंजेक्शन दिलं आणि आम्ही सगळे तिच्यासमोर बसून राहिलो. पंधरा मिनिटं झाली, थोडी वर गेली. आधी डावी पापणी हलली. मग दोन्ही वर गेल्या आणि पूर्ण उघडल्या. चांगुणाने मान वळवून खोलीभर नजर फिरवली, आणि सासूकडे बघत, स्वच्छ आवाजात म्हणाली, “आये, तुमी सकालपासून काय खाल्ला नाय.”

सासूने पदर तोंडाला लावला. आमचे डॉक्टर खिशातल्या घड्याळात बघून वेळ लिहीत होते आणि मनगटावरचं बघायला विसरले होते. तसं मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

आजार काही मुळातून गेला नाही. चांगुणाला गोळ्या लागल्या त्या कायमच्या. जेवणाआधी एक, भारी कामाआधी एक. पण ती राहिली, तिच्या घरात, तिच्या मुलीजवळ. दुसऱ्या लग्नाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. पावसाळ्यात लावणीला ती सकाळच्या पाळीला जाई आणि दुपारनंतर सासू तिला शेतातून उठवून बांधावर बसवी.

डॉक्टर निवृत्त झाले आणि पुण्याकडे मुलाकडे गेले. काही वर्षांनी तिकडेच वारले. मला कळलं तेव्हा मी एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डची प्रमुख होते आणि माझ्या हाताखालच्या मुली ‘अशक्त’ लिहायला धजत नव्हत्या. त्या दिवशी मी रजा घेतली नाही. राउंड नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ चालला, एवढंच.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मला आठवला तो त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातला एक दिवस. मुंबईचे ते मोठे डॉक्टर स्वतः आमच्या दवाखान्यात आले होते, बरोबर तीन तरुण डॉक्टर. जुन्या कागदांना पायऱ्या कशा लावतात ते त्यांना शिकायचं होतं. पाहुण्यांना बसायला जागा नव्हती; आमच्या डॉक्टरांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि आधी रांगेतले रुग्ण संपवायला घेतले. मोठे डॉक्टर निमूटपणे बसले. त्या तिघांतला एक जण मात्र सारखी मान वळवून आत बघत होता. भिंतीवर कुठे प्रमाणपत्र दिसेना तेव्हा त्याने माझ्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “यांची डिग्री नक्की कुठली?”

मी उत्तर द्यायच्या आत रांगेतून आवाज आला. चांगुणाची सासू गोळ्या न्यायला आली होती.

“डिग्री मना म्हाईत नाय,” ती म्हणाली. “तुमी माझे घरी चला. सांजचे येलेला माझी सून भाकर करते, ती खावा, मंग इचारा.”

मोठे डॉक्टर हसून म्हणाले, “जायला हवं.” आणि खरंच, संध्याकाळी सहा वाजता ते चौघेही चांगुणाच्या ओसरीवर ओळीने जेवायला बसले होते.